निळ्या वहीतील ७०१ नोंदी

सूर्य मावळून अर्धा-पाऊण तास झालेला असावा, पश्चिमेचे आकाश अजून तांबूस असावे, आणि दिवसभराच्या उकाड्यानंतर घरातील सारी मंडळी गच्चीवर येऊन बसलेली असावीत. अशा वेळी क्षितिजाच्या थोडा वर एखादा विलक्षण तेजस्वी ठिपका दिसू लागतो. कोणी म्हणतो, विमान असेल. कोणी म्हणतो, हेलिकॉप्टर. हल्लीची मुले चटकन ‘ड्रोन’ म्हणून मोकळी होतात. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी असाच एक ठिपका आपल्या इमारतीकडेच सरकत असल्याची ग्वाही दिली. आम्हीही टक लावून पाहिले, आणि खोटे कशाला सांगावे, आम्हालाही तो सरकताना दिसला. तो शुक्र होता. अंधाऱ्या पार्श्वभूमीवरील एकाकी प्रकाशबिंदूकडे एकटक पाहत राहिले, तर आपल्याच डोळ्यांच्या सूक्ष्म हालचालींमुळे तो बिंदू हलत असल्याचा भास होतो. त्यात लबाडी नसते, बुद्धिमांद्यही नसते. डोळ्यांची घडणच तशी आहे.

गच्चीवरची चूक चहाबरोबर संपून जाते. परंतु वाचकहो, पाहणारा माणूस जर सरहद्दीवरचा पहारेकरी असेल, किंवा लढाऊ विमान चालविणारा वैमानिक असेल, तर? त्याने पाहिलेल्या ठिपक्याची वर्दी वर जाते, आणि ‘ते काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर कोणा तरी अधिकाऱ्याला लेखी द्यावे लागते. अमेरिकेच्या वायुदलाने अशी लेखी उत्तरे देण्याचे काम १९४८ ते १९६९ अशी तब्बल बावीस वर्षे केले. आकाशातील अनोळखी वस्तूंचा इतका दीर्घ आणि इतका तपशीलवार लष्करी तपास दुसरा क्वचितच झाला असेल. या महिन्यात त्याचीच हकिगत आपल्यापुढे ठेवीत आहोत. तबकड्यांत बसून परग्रहावरचे पाहुणे आले होते की काय, याचा निकाल आम्ही देणार नाही. पण ‘ठाऊक नाही’ हे दोन शब्द कागदावर लिहिताना एका बलाढ्य सैन्याला किती संकोच वाटला, ही गोष्ट मात्र मोठी बोधक आहे.

आरंभ झाला तो २४ जून १९४७ रोजी. अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. तेथील रेनियर नावाच्या हिमाच्छादित पर्वताजवळून केनेथ अर्नोल्ड हा व्यावसायिक आपले छोटे विमान घेऊन चालला होता. त्या पर्वतात आदल्या हिवाळ्यात नौसैनिकांचे एक मालवाहू विमान कोसळले होते आणि त्याचा शोध लावणाऱ्यास पाच हजार डॉलरांचे बक्षीस होते. वाटेत थोडा शोध घ्यावा, असा त्याचा विचार होता. विमान सापडले नाही. त्याऐवजी त्याला नऊ चमकत्या वस्तू एका रांगेत जाताना दिसल्या. हा मनुष्य घाबरला नाही. रेनियरपासून अ‍ॅडम्स पर्वतापर्यंतचे अंतर कापण्यास त्यांना किती वेळ लागतो, हे त्याने विमानातील घड्याळावर मोजले: १०२ सेकंद. त्यावरून त्याने वेग काढला तो ताशी सुमारे १,७०० मैल. अंदाजातील चूक गृहीत धरून तो त्याने १,२०० पर्यंत खाली आणला. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने मनुष्य विमानातून प्रथम गेला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, हे ध्यानी घेतले म्हणजे हा आकडा त्या दिवशी किती अशक्य वाटला असेल याची कल्पना येईल.

पाण्यावर तिरकस फेकलेली बशी जशी टप्पे घेत जाते तशा त्या वस्तू जात होत्या, असे अर्नोल्डने वार्ताहरांना सांगितले. त्याचे बोलणे गतीविषयी होते, आकाराविषयी नव्हते. पण वर्तमानपत्रांना ‘बशी’ हा शब्द सापडला, आणि दोनच दिवसांत ‘उडत्या तबकड्या’ जन्माला आल्या. त्यानंतर लोकांना जे दिसू लागले ते गोल आणि चपटे दिसू लागले. एका शब्दाने लोकांच्या डोळ्यांवर केवढा अंमल गाजवावा!

आता या हिशेबातील कच्चा दुवा पाहा. घड्याळ खरे, पर्वत खरे. पण त्या वस्तू आपल्यापासून किती अंतरावर होत्या, हे अर्नोल्डला निश्चित सांगता येणे शक्य नव्हते. आकाशात मोजपट्टी नसते. वस्तूचा खरा आकार ठाऊक असेल तर अंतर कळते, आणि अंतर ठाऊक असेल तर आकार कळतो. दोन्ही ठाऊक नसतील तर एकही कळत नाही. त्या वस्तू त्याच्या अंदाजापेक्षा जवळ असत्या, तर त्यांचा वेग सामान्य विमानाएवढाच भरला असता. पुढच्या हजारो नोंदींत हीच अडचण पुन्हा पुन्हा डोके वर काढते. ‘प्रचंड मोठी’, ‘प्रचंड दूर’, ‘प्रचंड वेगवान’ ही तिन्ही विशेषणे एकाच अंदाजाच्या खुंटीवर टांगलेली असतात.

सैन्याला परग्रहांची चिंता नव्हती. महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. जर्मनीतील विमानविद्येचे कागद आणि तज्ज्ञ रशिया व अमेरिका या दोघांनीही आपापल्या घरी नेले होते. हे रशियाचे नवे शस्त्र तर नसेल? खरा प्रश्न हा होता. सप्टेंबर १९४७ मध्ये जनरल नेथन ट्वायनिंग या ज्येष्ठ अधिकाऱ्याने वरिष्ठांना लेखी कळविले की हा प्रकार काल्पनिक नसून काही तरी खरोखरच दिसत आहे, तेव्हा रीतसर चौकशी व्हावी. त्याप्रमाणे ओहायो राज्यातील डेटन शहरापाशी असलेल्या राइट-पॅटरसन या वायुदलाच्या तळावर १९४८ च्या प्रारंभी ‘साइन’ नावाची चौकशी सुरू झाली. ‘साइन’ म्हणजे खूण. नाव तटस्थ होते आणि मनेही तेव्हा तटस्थ होती.

चौकशी नीट मांडली जाते न जाते तोच एक मृत्यू घडला. ७ जानेवारी १९४८ च्या दुपारी केंटकी राज्यातील एका तळावरून आकाशात एक मोठी, पांढुरकी, गोल वस्तू दिसू लागली. त्याच वेळी तेथून चार मस्टँग विमाने चालली होती. त्यांचा प्रमुख कॅप्टन टॉमस मँटेल हा पंचवीस वर्षांचा तरुण, महायुद्धात नाव कमावलेला. जवळ जाऊन पाहता येईल का, अशी विचारणा तळावरून झाली. एक विमान आपल्या मार्गाने पुढे गेले; बाकीची तीन वर चढू लागली. ती साधी सरावाची फेरी असल्यामुळे उंचावर लागणाऱ्या प्राणवायूची पुरेशी सोय विमानांत नव्हती. दोघे सोबती परत फिरले. मँटेल वीस हजार फुटांच्याही वर एकटा चढत राहिला. तेवढ्या उंचीवर प्राणवायू नसला म्हणजे माणसाला गुदमरल्याची जाणीव होत नाही; उलट थोडी गुंगी, थोडा हुरूप वाटतो, आणि मग शुद्ध हरपते. त्याचे विमान फ्रँकलिन या गावाजवळ कोसळले.

आणि तो कशाच्या मागे गेला होता? तपासाचे पहिले उत्तर आले, ‘शुक्र’. भर दुपारी, धूसर हवेत, शुक्राचा ठिपका एवढा मोठा दिसावा हे कोणालाच पटेना, आणि खुद्द तपास करणाऱ्यांनाही ते पुढे सोडावे लागले. मग काही वर्षांनी जे सयुक्तिक उत्तर हाती आले ते असे: अमेरिकेच्या नौदलाने १९४७ पासून ‘स्कायहूक’ नावाचे अवाढव्य फुगे वातावरणाच्या वरच्या थरांत सोडण्यास प्रारंभ केला होता. शंभर फूट व्यासाचा तो चकचकीत गोळा लक्षभर फुटांच्या आसपास तरंगत असे. योजना गुप्त होती. नौदलाला ठाऊक होते, वायुदलाच्या वैमानिकाला ठाऊक नव्हते. साठ हजार किंवा अधिक फुटांवर शांतपणे तरंगणारी वस्तू त्या बिचाऱ्याने आपल्या जरा वरच आहे असे समजून तिचा पाठलाग केला. पुन्हा तोच अंतराचा प्रश्न, पण या वेळी त्याची किंमत एका तरुणाच्या प्राणांनी चुकती झाली. त्या वेळी पुढे करण्यात आले ते मात्र शुक्राचे नाव.

लष्करी तपासाचे हे दुखणे जन्मजात आहे. ज्या वस्तूची ओळख पटवायची ती आपल्याच दुसऱ्या खात्याने सोडलेली असू शकते, आणि ते सांगण्याची मुभा तपास करणाऱ्याला नसते, किंवा त्याला स्वतःलाच ते ठाऊक नसते. पुढे याची फार मोठी आवृत्ती घडली. ऑगस्ट १९५५ पासून ‘यू-२’ या हेरविमानाची गुप्त उड्डाणे सुरू झाली. त्या काळची प्रवासी विमाने दहा ते वीस हजार फुटांवरून जात. हे विमान साठ हजारांच्या वर जाई. खाली पृथ्वीवर दिवेलागण झालेली असे, परंतु त्या उंचीवर सूर्य अजून मावळलेला नसे, आणि त्याची किरणे विमानाच्या रुपेरी पंखांवर पडून ते पेटल्यासारखे झळके. प्रवासी विमानांचे चालक वर्दी देत. चौकशी कचेरी हेरखात्याला खाजगीत विचारी, ‘आपले विमान त्या वेळी तेथे होते काय?’ उत्तर ‘होय’ असे येई, आणि कचेरी जनतेला सांगे, ‘हिमकण’ किंवा ‘हवेतील उष्णतेचा थर’. सी. आय. ए. च्या इतिहासलेखकाने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात असे म्हटले आहे की १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९६० चे दशक या काळातील निम्म्याहून अधिक वर्द्यांच्या मुळाशी अशीच हेरविमाने होती. हा हिशेब फुगवून सांगितला आहे असे म्हणणारे टीकाकारही आहेत, आणि आम्हालाही ‘निम्म्याहून अधिक’ हा आकडा जरा सढळ वाटतो. पण सरकारी कचेरीने जाणूनबुजून चुकीची उत्तरे दिली, हे तर त्या सरकारच्याच लेखणीने कबूल केले. मग लोकांनी खऱ्या उत्तरांवरही विश्वास ठेवला नाही, यात नवल ते काय!

हे बरेच पुढचे झाले. आपण १९४८ मध्ये होतो. त्या वर्षी ‘साइन’च्या मंडळींत दोन तट पडले. काहींच्या मते या वस्तू पृथ्वीवरच्या नसाव्यात. तसा एक अहवाल वायुदलप्रमुख जनरल व्हँडेनबर्ग यांच्याकडे गेला आणि पुराव्याअभावी त्यांनी तो परत धाडला, असे पुढे तपासप्रमुख झालेल्या अधिकाऱ्याने आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. १९४९ मध्ये चौकशीचे नाव बदलून ‘ग्रज’ असे ठेवण्यात आले. ‘ग्रज’ म्हणजे आकस. नाव ठेवणाऱ्याने ते सहज ठेवले असेलही, पण कामाचा रोख त्या नावाला साजेसाच राहिला. वर्दी आली की तिचे काही तरी करून स्पष्टीकरण द्यायचे आणि फाइल बंद करायची.

या कथेत ज्याच्याविषयी आम्हाला मनापासून आदर वाटतो तो मनुष्य यानंतर येतो. कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट हा विमानविद्येची पदवी घेतलेला, महायुद्धात भाग घेतलेला तरुण अधिकारी. मार्च १९५२ मध्ये त्याच्या हाताखाली चौकशीची पुनर्रचना झाली आणि तिला ‘ब्लू बुक’, म्हणजे ‘निळी वही’, असे नाव मिळाले. अमेरिकेतील महाविद्यालयांत परीक्षेची उत्तरे निळ्या वेष्टणाच्या वहीत लिहितात, त्यावरून हे नाव. ‘उडती तबकडी’ या शब्दातच उत्तर दडले आहे, हे त्याने ओळखले. तबकडी म्हटली की तिच्यात कोणी तरी बसलेला आलाच. म्हणून त्याने ‘अज्ञात उडती वस्तू’ असा शब्दप्रयोग रूढ केला. ‘यू.एफ.ओ.’ ही आज आपल्या मुलांच्याही तोंडी असलेली अक्षरे त्याचीच. त्याने ओहायोतील मानसशास्त्रज्ञांच्या मदतीने एक प्रश्नावली तयार करविली. त्याची शिस्त अशी होती की पुरेशी माहिती नसलेले प्रकरण एका वर्गात ठेवायचे आणि भरपूर माहिती असूनही न उलगडलेले दुसऱ्या वर्गात. ‘माहिती अपुरी’ आणि ‘अज्ञात’ यांत फरक करणे सोपे वाटते. पण आपल्या भोवतालच्या किती कचेऱ्यांत तो केला जातो, याचा वाचकांनीच विचार करावा.

रुपेल्टच्या वाट्याला वर्षही कसे आले पाहा! एकट्या १९५२ सालात १,५०१ वर्द्या आल्या. त्यांतील सर्वांत गाजलेली घटना देशाच्या राजधानीतील. १९ जुलैच्या मध्यरात्रीच्या सुमारास वॉशिंग्टनच्या विमानतळावरील रडारच्या पडद्यावर अनोळखी ठिपके उमटले. जवळच्या लष्करी तळावरील रडारनेही तसेच काही टिपले. काही वैमानिकांना प्रत्यक्ष दिवेही दिसले. डेलावेअर राज्यातून लढाऊ विमाने निघाली; ती आली तेव्हा ठिपके नाहीसे झाले होते. बरोबर एका आठवड्याने, २६ जुलैच्या रात्री, हाच खेळ पुन्हा झाला. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या माथ्यावर परक्या वस्तू फिरतात आणि वायुदलाला त्यांचा पत्ता लागत नाही, ही बातमी साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आली. २९ जुलैला मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांनी वार्ताहरांना बोलावले. महायुद्धानंतर वायुदलाने घेतलेली ती सर्वांत मोठी वार्ताहर-परिषद होती. हवेतील उष्ण-थंड थरांमुळे रडारची फसगत झाली असावी, हे उत्तर तेथे पुढे आले.

या उत्तराची पुष्कळांनी थट्टा केली, पण त्यामागील तत्त्व समजण्याजोगे आहे. एरवी जमिनीलगतची हवा उष्ण आणि वरची थंड असते. काही वेळा हा क्रम उलटतो. थंडीच्या दिवसांत पहाटे गावाकडे गेलेल्यांनी पाहिले असेल की चुलीचा धूर सरळ वर न चढता छपरांच्या उंचीवर आडवा पसरून राहतो. त्याला अडविणारा तो उष्ण हवेचा थर. अशा थरात शिरलेली रडारची लहर वाकते आणि जमिनीवरच्याच एखाद्या इमारतीवर किंवा मोटारीवर आपटून परत येते. पडद्यावर मात्र ती वस्तू आकाशात असल्यासारखी दिसते. त्या देशाच्या नागरी विमानखात्याने पुढच्या वर्षी केलेल्या अभ्यासात असले भुताटकीचे ठिपके आणि हवेचे उलटे थर यांची सांगड आढळली. तरी त्या रात्री रडारवर बसलेल्या अनुभवी माणसांपैकी काहींचे समाधान झाले नाही. त्यांचे म्हणणे होते, भुताटकीचे ठिपके आम्ही रोज पाहतो. हे तसे नव्हते. वायुदलाच्या वहीतही रुपेल्टने या प्रकरणावर मोठ्या अक्षरांत पूर्णविराम दिला नाही.

यानंतर चौकशीचा नूर पालटला. जानेवारी १९५३ मध्ये सी. आय. ए. ने पदार्थवैज्ञानिक एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली नामवंत शास्त्रज्ञांची एक गुप्त बैठक भरविली. लुई अल्वारेझ यांच्यासारखा, पुढे नोबेल पारितोषिक मिळविलेला शास्त्रज्ञ तीत होता. या वस्तूंपासून देशाला प्रत्यक्ष धोका दिसत नाही, असे मत चार-पाच दिवसांत ठरले. पण धोका दुसराच आहे, असे मंडळींना वाटले. उद्या खरोखरीच शत्रूची विमाने चालून आली, आणि त्याच वेळी तबकड्यांच्या हजारो वर्द्यांनी सैन्याच्या तारा आणि दूरध्वनी तुंबून गेले, तर? म्हणून लोकांच्या मनातून तबकड्यांचे वेड काढावे, अशी शिफारस झाली. शंका रास्त होती हे मान्य केले पाहिजे. पण औषधाने रोग्याचा स्वभाव बिघडला. ‘काय आहे ते शोधा’ हे ज्या कचेरीचे काम होते तिला आता ‘काही नाही असे पटवा’ हे काम मिळाले, आणि एकच मनुष्य न्यायाधीश व वकील या दोन्ही भूमिका नीट वठवू शकत नाही. रुपेल्ट त्याच वर्षी बाहेर पडला. पुढे कचेरी म्हणजे एक मध्यम दर्जाचा अधिकारी आणि हाताखाली मोजकी माणसे एवढ्यावर येऊन ठेपली.

रुपेल्टच्या काळात सुरू झालेला एक अभ्यास मात्र पूर्ण झाला. बॅटेल या खाजगी संशोधनसंस्थेने सुमारे ३,२०० नोंदींचे संख्याशास्त्रीय पृथक्करण केले आणि ते १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपण सहज असे धरून चालतो की साक्षीदार जितका भरवशाचा आणि माहिती जितकी चोख, तितके रहस्य लवकर उलगडावे. आढळले ते उलटेच. उत्तम प्रतीच्या नोंदींत ‘अज्ञात’चे प्रमाण निकृष्ट प्रतीच्या नोंदींपेक्षा अधिक निघाले. वायुदलाने वार्ताहरांना अहवालाचा निष्कर्ष सांगितला, की तबकड्यांचा पुरावा नाही. हा कोष्टकातला तपशील मात्र मागच्या पानांवर पडून राहिला. आमच्या मते त्यातून परग्रहवासी सिद्ध होत नाहीत, पण ‘अडाणी माणसांच्या गप्पा’ ही सोयीची समजूत मात्र कोसळते.

या बावीस वर्षांत तपासाबरोबर अखेरपर्यंत राहिलेला एकच शास्त्रज्ञ म्हणजे ज्योतिर्विद जे. अ‍ॅलन हायनेक. १९४८ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या या गृहस्थांना वायुदलाने सल्लागार नेमले ते ग्रह, तारे, उल्का कोणत्या हे ओळखण्यासाठी. आरंभी ते पक्के अविश्वासी होते. मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यात एका दलदलीवर विचित्र दिवे दिसले. हिल्सडेल गावात वसतिगृहातील महाविद्यालयीन विद्यार्थिनींनी ते खिडक्यांतून पाहिले. देशभर गवगवा झाला. हायनेकांना तेथे धाडण्यात आले आणि दोन-चार दिवसांत वार्ताहरांपुढे उभे करण्यात आले. कुजलेल्या वनस्पतींतून निघणारा वायू पेटून असे दिवे दिसू शकतात, अशी एक शक्यता त्यांनी मांडली. वर्तमानपत्रांनी ‘शक्यता’ गाळली आणि ‘दलदलीचा वायू’ तेवढा ठेवला. सारा देश हसला. मिशिगनचे प्रतिनिधी, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड, यांनी संसदेत चौकशीची मागणी केली. आपल्या विद्येचा उपयोग उत्तर शोधण्यासाठी नव्हे, तर प्रश्न मिटविण्यासाठी होत आहे, ही जाणीव हायनेकांना याच सुमारास तीव्रतेने झाली. १९७२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी वायुदलाच्या कार्यपद्धतीवर कठोर टीका केली आणि नंतर या विषयाच्या अभ्यासासाठी स्वतःची संस्था काढली.

मिशिगनच्या गोंधळाचा परिणाम म्हणून वायुदलाने हे लोढणे गळ्यातून काढण्याचे ठरविले. कोलोरॅडो विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक एडवर्ड काँडन यांच्याकडे स्वतंत्र अभ्यास सोपविण्यात आला. जानेवारी १९६९ मध्ये त्यांचा जाडजूड अहवाल बाहेर आला: एकवीस वर्षांच्या या उद्योगातून विज्ञानात काही भर पडली नाही, पुढेही पडेलसे दिसत नाही. गंमत अशी की आतल्या पानांत कित्येक प्रकरणे अनुत्तरित म्हणून नोंदलेली होती. अध्यक्षांचा निष्कर्ष तेवढा ठाम होता. १७ डिसेंबर १९६९ रोजी वायुदलाच्या खात्याचे सचिव रॉबर्ट सीमन्स यांनी ‘निळी वही’ मिटल्याचे जाहीर केले. एकूण नोंदी १२,६१८. त्यांपैकी ‘अज्ञात’ ७०१.

या ७०१ चे काय करायचे? भाविक म्हणतात, हे ७०१ पाहुणे. अविश्वासी म्हणतात, आणखी माहिती मिळाली असती तर हेही फुगेच निघाले असते. आम्हाला दोघांचीही घाई खटकते. उदाहरणार्थ, २४ एप्रिल १९६४ रोजी न्यू मेक्सिको राज्यातील सोकोरो गावात एका पोलिस शिपायाने ओसाड जागी उतरलेली अंडाकृती वस्तू आणि तिची ज्वाळा पाहिली. जमिनीवर खुणा आणि जळालेली झुडपे सापडली. शिपाई सचोटीचा म्हणून गावात प्रसिद्ध होता. कचेरीने सर्व सरकारी यंत्रांची चौकशी केली आणि शेवटी ‘अज्ञात’ असा शिक्का मारला. तो शिक्का म्हणजे तबकडीची पावती नव्हे, आणि त्या शिपायावरचा आरोपही नव्हे.

वही मिटली तरी आकाश मिटले नाही. अमेरिकेच्या नौदलाच्या वैमानिकांनी टिपलेली तीन चित्रफिती एप्रिल २०२० मध्ये त्यांच्या संरक्षण खात्याने अधिकृतपणे प्रसिद्ध केल्या. जून २०२१ च्या सरकारी अहवालात १४४ नोंदींची छाननी होती. एकाच नोंदीचे उत्तर खात्रीने देता आले, आणि ती वस्तू होती हवा निघून चाललेला एक मोठा फुगा. मँटेलची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मार्च २०२४ मध्ये त्याच खात्याच्या नव्या चौकशी कचेरीने १९४५ पासूनचे सारे दप्तर पुन्हा चाळून परग्रहावरच्या यंत्राचा एकही पुरावा आढळला नसल्याचे सांगितले. मात्र या वेळी वैमानिकांनी न संकोचता वर्दी द्यावी, तिच्यामुळे त्यांचे हसे होऊ नये, यावर भर आहे. रॉबर्टसनांच्या बैठकीतील सल्ल्याच्या हे नेमके उलट आहे.

आपल्या देशालाही हा प्रसंग नवा नाही. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळच्या विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसल्यामुळे विमानांची ये-जा काही तास थांबली होती, आणि वायुदलाची राफेल विमाने शोधासाठी गेली. हाती काही लागले नाही. पण आमच्या मनात घर करून आहे ती त्याआधीची, लडाखमधील हकिगत.

पँगाँग सरोवर समुद्रसपाटीपासून चौदा हजार फुटांवर आहे. तेथील हिवाळ्याच्या रात्री कशा असतात हे ज्यांच्या घरचे कोणी त्या भागात चाकरीला आहे त्यांना सांगायला नको. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात तेथील आपल्या जवानांनी आकाशातील तेजस्वी वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या, आणि त्यांपैकी १५५ वेळा त्या वस्तू नियंत्रणरेषा ओलांडून आल्या असे लिहिले. चिनी हेरविमाने असावीत, हा संशय सरहद्दीवर अगदी साहजिक होता. गस्तीवरच्या माणसाने असा संशय घ्यायचा नाही तर कोणी घ्यायचा? सैन्याने गोळी झाडली नाही, आणि खुलासा स्वतःच ठरवूनही टाकला नाही. त्याने बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारले; या संस्थेची वेधशाळा लडाखमध्येच हानले येथे आहे. प्रश्न अगदी नेमका होता: या वस्तू आकाशातल्या, की पृथ्वीवरच्या?

अशा वेळी खगोलशास्त्रज्ञ पाहणाऱ्याचे मत विचारीत नाहीत. वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनचा कोन एवढेच मागतात. ते मिळाले की त्या क्षणी त्या जागी कोणता ग्रह असला पाहिजे हे गणिताने काढता येते. दोन वस्तूंची दोन उत्तरे निघाली, आणि जुलै २०१३ मध्ये ती वर्तमानपत्रांत आली. पहाटे दिसणारी वस्तू म्हणजे शुक्र. संध्याकाळी उगवणारी म्हणजे गुरू. तेथील विरळ, कोरड्या, धूळ नसलेल्या हवेत हे दोन्ही ग्रह आपल्या शहरांतून दिसतात त्याहून किती तरी झगझगीत दिसतात, आणि डोंगराच्या कडेवर टेकलेला असा दिवा कोणालाही जवळचाच वाटेल. त्या हिवाळ्यात गुरू वृषभ राशीत, रोहिणीच्या शेजारी होता. घरोघरीच्या पंचांगात तसे छापलेलेही होते.